दोन नावांची एक संशोधिका : डॉ. कमला सोहोनी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. दहावीला ती माझ्या वर्गात होती. पुढे रसायनशास्त्र घेऊन तिने बी.एस्सी. केले आणि त्या वेळी ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सोबत तिचे अब्बाही आले होते. प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या कामावरचा तिचा पहिला शोधनिबंध छपाईस जावयाचा होता आणि त्यावर नाव कसे द्यावे, असा पेच पडला होता. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेख हे आडनाव इंग्रजीत एका तऱ्हेने, तर आधार कार्डावर दुसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. त्यातच निकाह ठरलेला. मग सासरचे आडनाव आताच लावावे की काय? अब्बांचे म्हणणे असे, की नाव कोणतेही लागो, काम तर हिचेच राहणार ना!

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर. मला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे आठ-दहा दिवस या प्रश्नाचा शोध घेताना ज्या एका संशोधिकेचे चरित्र हाती आले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. त्या संशोधिका म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई आपल्या पाठ्यपुस्तकांमुळे आणि १९७५च्या कराड साहित्य संमेलनामुळे सर्वांना ठाऊक आहेत. कमलाबाईंचे नाव मात्र रसायनशास्त्राच्या पदवीधरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, दोघेही शिकलेले. आमच्या बहुतेक मुलींच्या घरी विज्ञान शिकलेले पहिले माणूस म्हणजे ती मुलगीच असते. तेव्हा कमलाबाईंचा आरंभ आपल्यापेक्षा पुष्कळच सोयीचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु अशा घरातल्या मुलीलाही पुढे जे सोसावे लागले, ते ऐकल्यावर सोय या शब्दाचा अर्थ जरा पातळ होतो.

१९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवली. विषय मुख्य रसायन आणि दुय्यम भौतिक. वडील-चुलत्यांच्या संस्थेत संशोधन करावयाचे, हे ठरलेलेच होते. त्यांनी बंगलोरला अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण अर्जदार स्त्री होती. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३०चे नोबेल पारितोषिक विजेते. एवढ्या मोठ्या माणसाचा नकार आला म्हणजे बावीस वर्षांच्या मुलीने गप्प बसावे, अशीच रीत. पण तो काळ गांधीजींचा होता. कमला बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभी राहिली. गुणांमध्ये कमी नसताना प्रवेश का नाही, असे तिने विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत दारात सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेतले वातावरण तिने बिघडवू नये, हीही एक अट होती! ही शेवटची अट वाचताना आजही संताप येतो. कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. काम सोडावयाचे नव्हते, म्हणून अपमान गिळला. विसरल्या मात्र नाहीत. उतारवयात एका जाहीर समारंभात त्यांनी तो बोलून दाखवला. रामन यांच्याविषयी एवढे म्हटले पाहिजे, की वर्षभराचे काम पाहून त्यांचे मत बदलले आणि पुढे संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

बंगलोरला एम. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक लाभले. दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिने हा अभ्यासाचा विषय. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. डाळींतील प्रथिनेतर नायट्रोजनावरचे त्यांचे आणि श्रीनिवासय्यांचे निबंध इंग्लंडच्या 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये छापले गेले. त्यांवर नाव होते के. भागवत; इंग्रजीत 'व्ही' घालून लिहिलेले. दुर्गाबाईंचे इंग्रजी आडनाव सर्रास 'डब्ल्यू' घालून लिहिले जाते. सख्ख्या बहिणी, पण इंग्रजी सूचीत एकमेकींपासून दूर पडतात. आमच्या शेख, सय्यद आणि पठाण मंडळींनी यात नवल मानावयास नको.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ साली नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा तेव्हा जगात नावाजलेली होती. तेथे प्रथम डेरेक रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९३८ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये भागवत आणि रिश्टर असा निबंध आला. त्याचा विषय प्राण्यांच्या शरीरातील काही विकर आणि अ‍ॅड्रेनॅलिन हा होता. १९३९ साली भागवत, ब्लाश्को आणि रिश्टर असा तिघांचा निबंध आला, तो अमाइन ऑक्सिडेज या विकरावर. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातली रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि स्वतः न संपणारे द्रव्य. याच विकराला अडवणारी औषधे १९५०नंतरच्या दशकात मनाच्या उदासीनतेवर वापरली जाऊ लागली. कमलाबाईंनी ती औषधे शोधली असे मुळीच नाही. पण ज्या ज्ञानावर ती उभी राहिली, त्या जोत्यात एक दगड त्यांच्याही हातचा आहे.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करीत. येथे कमलाबाईंच्या हाती आला साधा बटाटा.

बटाटा श्वास घेतो, हे नाशिकच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कांदाचाळीला खालून-बाजूंनी वारा का ठेवतात, हे आपल्या जिल्ह्यातले शेतकऱ्याचे पोर जाणते. कोंडला की माल तापतो आणि सडतो. काढल्यावरही कांदा-बटाटा जिवंत असतो. तो हवेतला ऑक्सिजन घेतो, साठवलेले अन्न जाळतो आणि उष्णता बाहेर टाकतो. प्राण्यांच्या पेशींत हे जळण कसे चालते, याचा पुष्कळ उलगडा डेव्हिड कायलिन यांनी केंब्रिजमध्येच केला होता. सायटोक्रोम हे नाव त्यांनीच १९२५ साली दिले. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका सायटोक्रोमकडून दुसऱ्याकडे, विहिरीवरच्या बादल्यांसारखे हातोहात जातात. अखेरीस सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर ते ऑक्सिजनच्या स्वाधीन करते. फुले येणाऱ्या वनस्पतींतही शेवटचा गडी हाच आहे काय? हिल आणि भागवत यांनी तसा पुरावा १९३९ साली 'नेचर' साप्ताहिकात प्रसिद्ध केला.

येथे थोडे थांबून एक खुलासा करतो. कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधून काढले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मीही प्रथम तसेच टिपून घेतले होते. परंतु छापील निबंधाचे शीर्षक पाहिले तर ते फुलझाडांतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी आहे, आणि सायटोक्रोम तर कायलिन यांच्यामुळे आधीच माहीत होते. आपल्या माणसाचा गौरव करताना दुसऱ्याचे श्रेय त्याच्या पदरात घालण्याची गरज नसते. कमलाबाईंनी केले तेवढेच पुष्कळ होते. वनस्पती आणि प्राणी यांच्या श्वसनाची शेवटची पायरी एकाच जातीची आहे, हे दाखवणाऱ्यांत त्या होत्या.

या कामावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा आणि त्यास लागलेला काळ चौदा महिने, असे सांगतात. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. १९३९ सालीच त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले.

१९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. पुढे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या. यापुढच्या निबंधांवर नाव आले के. सोहोनी.

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येतो. शास्त्रज्ञाच्या कामाची मोजदाद दोन प्रकारे करतात. एक, त्याने किती निबंध प्रसिद्ध केले. दुसरे, पुढच्या संशोधकांनी त्या निबंधांचा किती वेळा हवाला दिला. वकील जसा जुन्या निवाड्याचा हवाला देतो, तसा संशोधक आपल्या निबंधाच्या शेवटी आधीच्या कामांची नावे देतो. ही तुलना माझी नव्हे. अमेरिकेत वकिलांसाठी निवाड्यांच्या हवाल्यांची सूची निघत असे. तीवरूनच यूजीन गारफील्ड यांना कल्पना सुचली आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही प्रचंड सूची निघू लागली. पुढे बढत्या, नेमणुका, अनुदाने यांत तिचे आकडे पाहिले जाऊ लागले. २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक काढला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा हवाले मिळाले, त्याचा निर्देशांक किमान दहा. आज कॉलेजातल्या कुठल्याही प्राध्यापकाला विचारा, त्यास आपला आकडा तोंडपाठ असतो.

परंतु सूची नावावर चालते. छापील सूचीत हवाला मिळालेला निबंध केवळ पहिल्या लेखकाच्या आडनावाखाली लागत असे. आता कमलाबाईंचे काम त्या सूचीत शोधू गेल्यास काय होईल? बंगलोरच्या डाळी आणि केंब्रिजचे विकर भागवत या नावाखाली. मुंबईतली कामे सोहोनी या नावाखाली. आणि १९३९चा 'नेचर'मधला बटाट्याचा निबंध हिल यांच्या नावाखाली, कारण तेथे त्यांचे नाव आधी आहे. गंमत अशी, की वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा सविस्तर निबंध 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये १९५१ साली प्रसिद्ध झाला, विवाहानंतर चार वर्षांनी. तो मात्र भागवत आणि हिल असा, म्हणजे जुन्याच नावाने. सोहोनीबाई मुंबईत मुलांना शिकवीत होत्या आणि भागवतबाई इंग्लंडच्या नियतकालिकात छापल्या जात होत्या!

जमिनीचे नाव बदलले की तलाठी फेरफार नोंदवतो. सातबाऱ्यावरून मागचा मालक कोण, ते कळते. विज्ञानाच्या सूचीत असा फेरफार नव्हता. आता अलीकडे, २०१२पासून, प्रत्येक संशोधकाला ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक फुकट घेता येतो आणि नाव बदलले तरी काम एकत्र राहते. कमलाबाईंच्या काळी हे कोठले? परिणामी ज्याला त्यांचे चरित्र माहीत नाही, त्याला त्या दोन निरनिराळ्या मध्यम योग्यतेच्या व्यक्ती वाटाव्यात.

मुंबईतले काम कमी तोलाचे नव्हते. आमच्या घरी वालपापडीची भाजी आणि वालाची उसळ नेहमी होते. वाल रात्रभर भिजत घालायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि चांगले शिजवायचे, हे अम्मीला कोणी शिकवले नव्हते. अन्नातील प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर आतड्यात येते. कित्येक कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच धरून ठेवणारे, त्याचे काम अडवणारे द्रव्य असते. कच्चे कडधान्य खाऊ घातलेल्या प्राण्यांची वाढ त्यामुळे खुंटते. उष्णतेने हे द्रव्य बऱ्याच अंशी निकामी होते, म्हणून नीट शिजवणे महत्त्वाचे. अमेरिकेत कुनिट्झ यांनी १९४५च्या सुमारास सोयाबीनमधील असा रोधक स्फटिकरूपात मिळवला होता. स्फटिकरूप म्हणजे रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने चोर मुद्देमालासह पकडल्यासारखे. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी भारतीय भाज्या आणि डाळी तपासू लागले. १९५५ साली वाल आणि डबल बी यांतून असे स्फटिकरूप रोधक मिळवल्याचा निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. सोयाबीन तेव्हा आपल्या ताटात नव्हते; वाल होते. कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधकांविषयी पुढे जे आढावे निघाले, त्यांत सोहोनी १९५५ हा हवाला भेटतो.

दुसरे मोठे काम नीरेचे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडा-माडाच्या ताज्या रसाचा अभ्यास हाती घेतला. त्यात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातली असता प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना अशा संशोधनाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. पण असले काम परदेशी सूचीत फारसे चढत नाही. ज्या बाईचे रक्त सुधारले, ती काही निबंध लिहून हवाला देत नाही.

कर्तृत्व असे असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षे ताटकळत ठेवण्यात आले. अंतर्गत राजकारण, दुसरे काय! शेवटी ते पद मिळाले आणि त्यांनी ते नीट सांभाळले. एवढेच पुरे, त्या कटकटीपेक्षा त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत उतरल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या १९८२-८३ साली त्या अध्यक्ष होत्या आणि 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत. मराठीत सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'आहार-गाथा' हे पुस्तक लिहिले. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई घरच्या ताटाविषयी मराठीत लिहिते, ही गोष्ट मला त्यांच्या 'नेचर'मधल्या निबंधांइतकीच मोठी वाटते. विज्ञानाच्या अभ्यासकांना हे माझे मत पटेलच असे नाही.

१९९८ साली दिल्लीस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८७च्या आसपास होते.

हे सारे मी त्या मुलीला आणि तिच्या अब्बांना सांगितले. अब्बा बराच वेळ सातबाऱ्याच्या मुद्द्यावर विचार करीत बसले. त्यांचा स्वतःचा एक फेरफार चार वर्षे अडकला होता, त्यामुळे तो मुद्दा त्यांना लगेच पोचला. निकाहनंतर घरात कोणतेही आडनाव लागो, निबंधावर दहावीच्या प्रमाणपत्रावरचेच नाव, त्याच इंग्रजी अक्षरांनी द्यावयाचे, असे ठरले. सोळा अंकी क्रमांक तिने माझ्यासमोरच मोबाइलवर घेतला. मला वाटले होते त्याहून ते फार सोपे निघाले. निकाह रमजाननंतर झाला. निबंध त्याआधीच छापून आला होता. त्याची एक प्रत अब्बांनी शाळेत आणून दिली. ती आता प्रयोगशाळेत मूलद्रव्यांच्या तक्त्याशेजारी लावलेली आहे, आणि नववीच्या मुली तिच्यातले एक अक्षर समजत नसतानाही वरचे नाव मात्र रोज वाचून जातात.